आधी उतार, मग दार: रेणू पेशीपटल कसा ओलांडतो हे ठरवण्याची पद्धत

इंदूरच्या भँवरकुआँचे क्लास सुटले की चार-पाच मुलं आमच्या राजेंद्रनगरच्या घरी येतात. शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची, घरची भाषा मराठी; त्यामुळे डायनिंग टेबलावर तिन्ही भाषांची मिसळ असते. ‘मावशी, जीवद्रव्य कला म्हणजे आपलं पेशीपटलच ना?’ इथून सुरुवात. पेशीभोवतीच्या या पडद्यातल्या प्रथिनांची नावं सगळ्यांना पाठ: ग्लूट, एक्वापोरिन, सोडियम-पोटॅशियम पंप. पण एक साधा प्रश्न टाकला, ‘आतड्यातलं ग्लुकोज रक्तात जाताना एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च होतो का?’, की एका टेबलावर तीन उत्तरं येतात आणि तिन्ही ठाम.

चूक माहितीची नसते, क्रमाची असते. मुलं रेणूचं नाव ऐकताच प्रथिनाचं नाव शोधायला धावतात. प्रथिन हे चौथ्या पायरीवरचं काम आहे. त्याआधीच्या तीन पायऱ्या गाळल्या की पाठांतर कितीही पक्कं असो, उत्तर नशिबावर जातं. आणि नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो.

खाली सात पायऱ्या कागदावरच्या आहेत, आठवी स्वयंपाकघरातली. क्रम मोडू नका.

तयारी

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर मोठा चौकोन काढा. तोच पेशी. चौकोनाच्या आत ‘आत’ आणि बाहेर ‘बाहेर’ असं खरोखर लिहा. मनात धरलेलं चित्र तिसऱ्या मिनिटाला उलटं होतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

मग हे आकडे एका कोपऱ्यात उतरवा. ते सस्तन प्राण्यांच्या नेहमीच्या पेशीचे आहेत, लिटरला मिलीमोलमध्ये, ढोबळ:

सोडियम: बाहेर १४५, आत १२.
पोटॅशियम: बाहेर ४, आत १४०.
मोकळं कॅल्शियम: बाहेर १ ते २, आत ०.०००१.
ग्लुकोज: उपाशीपोटी रक्तात सुमारे ५.
पटलाचा विद्युतदाब: चेतापेशीत आतली बाजू सुमारे ७० मिलीव्होल्टनं ऋण.

एवढे पाच आकडे पुरतात. कॅल्शियमचा फरक दहा हजार पट किंवा त्याहून जास्त आहे, हे लिहितानाच एकदा डोळे भरून पाहून घ्या.

पायरी १: कोणती पेशी, कोणती बाजू

प्रश्नात ‘पेशीत जातं’ असं म्हटलं असेल तर विचारा: कुठून? लाल रक्तपेशीला सगळीकडून रक्तद्रवच असतो, तिथे हा प्रश्न लवकर मिटतो. आतड्याच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशीचं तसं नाही. तिची एक बाजू पोकळीकडे आणि दुसरी रक्ताकडे. दोन्ही बाजूंच्या पटलांवरची प्रथिनं वेगवेगळी. म्हणजे ‘आतड्यातून रक्तात’ हा एक प्रवास नसून दोन आहेत, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर आहे.

अशा पेशीसाठी चौकोनाच्या डाव्या कडेवर ‘पोकळी’ आणि उजव्या कडेवर ‘रक्त’ लिहा.

*तपासा:* कागदावर किती पटलं ओलांडावी लागतात ते मोजा. एकापेक्षा जास्त असतील तर पायऱ्या २ ते ६ प्रत्येक पटलासाठी वेगळ्या करायच्या. गोंधळ झालाय असं वाटलं तर दहातल्या सात वेळा तो इथेच झालेला असतो. (हा सात माझा अंदाज, कुठल्या पाहणीचा आकडा नव्हे.)

पायरी २: रेणूला दार लागतं का?

पटलाचा मधला थर तेलकट असतो, जेमतेम ३ ते ४ नॅनोमीटर जाडीचा. रेणूला या तेलातून जाता येतं का, एवढंच इथे ठरवायचं.

फोडणी आठवा. तापलेल्या तेलात हळद टाकली की रंग तेलात उतरतो. मीठ टाकलं तर खडा तसाच तळाशी बसून राहतो. हळदीतला रंगद्रव्याचा रेणू मिठाच्या आयनापेक्षा कितीतरी मोठा, तरी तेलाला तोच जवळचा. म्हणून प्रश्न विचारायचा क्रम असा:

आधी विद्युतभार. भार असेल तर थेट वाट बंद, आकार कितीही लहान असो. हायड्रोजन आयनाहून लहान काय असणार? तरी तो दाराशिवाय जात नाही म्हटलं तरी चालेल.

मग पाण्याची ओढ. ग्लुकोजवर भार नाही, पण पाण्याला धरून ठेवणारे पाच हायड्रॉक्सिल गट आहेत. वाट जवळजवळ बंद.

सगळ्यात शेवटी आकार.

मुलं नेमकं उलटं करतात. ‘लहान आहे, जाईल’ म्हणून सोडियमला मोकळं सोडतात आणि ‘मोठा आहे, अडकेल’ म्हणून इस्ट्रोजेनला अडवतात. खरं तर ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल आणि स्टेरॉइड संप्रेरकं तेलातून आरपार जातात. युरिया आणि ग्लिसरॉल रेंगाळत जातात. पाणीही थोडं थोडं झिरपतं, पण त्याचं प्रकरण वेगळं आहे. ते सातव्या पायरीसाठी ठेवा. ग्लुकोज आणि अमिनो आम्लं दाराशी उभी राहतात. आयन तर राहतातच.

*इशारा:* इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते पटल ओलांडून ‘आत जाऊन’ काम करतं असं लिहू नका. ते बाहेरूनच ग्राहीला (पटलावरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, निरोप आत जातो. आणि निरोप जाणं म्हणजे रेणू जाणं नव्हे.

थेट वाट उघडी असेल तर पुढची पायरी करून थांबा. प्रथिनाचं नाव घालायचा मोह आवरा. ऑक्सिजनसाठी वाहक शोधणारा विद्यार्थी मला दरवर्षी एक तरी भेटतो.

पायरी ३: उतार काढा

बाण कुठून कुठे? भार नसलेल्या रेणूसाठी सोपं आहे: गर्दी जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे. तयारीतले आकडे बघा आणि बाण काढा.

आयनांसाठी दोन बाण काढावे लागतात, एक गर्दीचा आणि एक विजेचा. सोडियमचे दोन्ही बाण आतच वळतात: बाहेर गर्दी, आत ऋण भार. म्हणून सोडियम आत येण्यासाठी नेहमी टपलेला असतो. पोटॅशियमचे बाण एकमेकांविरुद्ध आहेत. गर्दी त्याला बाहेर ढकलते, आतला ऋण भार त्याला आत ओढतो. आतली बाजू सुमारे ९० मिलीव्होल्टनं ऋण झाली तर दोघांची बरोबरी होते. प्रत्यक्षात ती ७० च आहे, म्हणजे गर्दीचा जोर थोडा वरचढ, आणि दार उघडलं की पोटॅशियम हळूहळू बाहेर गळतं.

*तपासा:* ‘उताराने’ आणि ‘आत’ हे शब्द तुमच्या मनात एकच झालेत का? झाले असतील तर पोटॅशियमचं उदाहरण पुन्हा काढा. उतार बाहेरही असू शकतो.

पायरी ४: आता दार ओळखा

दारं तीन प्रकारची. इथे मात्र मी थोडी रेंगाळणार आहे, कारण व्याख्या सगळ्यांना येतात आणि फरक कुणाला सांगता येत नाही.

वाहिनी म्हणजे बोळ. उघडी असली की दोन्ही टोकांनी एकदमच उघडी. म्हणून तिचा वेग प्रचंड: पोटॅशियमच्या एका वाहिनीतून सेकंदाला कोटींच्या घरात आयन जातात. पण बोळ म्हणून कुणीही घुसावं असं नाही. सोडियम आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी पोटॅशियमच्या वाहिनीतून तो जवळपास जातच नाही. पाण्यात फिरताना प्रत्येक आयनाला पाण्याच्या रेणूंचं वेष्टन असतं. ते सोडायचं तर बदल्यात तितकाच घट्ट आधार हवा. वाहिनीच्या अरुंद भागातले ऑक्सिजन अणू पोटॅशियमला नेमक्या अंतरावर धरतात. सोडियम लहान, त्याला ते पोहोचत नाहीत, मग तो आपलं वेष्टन कशाला सोडेल? रॉडरिक मॅकिनन यांनी ही रचना उलगडली आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पीटर अग्रे यांच्यासोबत विभागून मिळालं. अग्रे यांचं काम पाण्याच्या वाहिन्यांवरचं, म्हणजे एक्वापोरिनचं.

वाहक म्हणजे लिफ्ट. तिचं एक दार उघडं असतं तेव्हा दुसरं बंद. रेणू आत बसतो, प्रथिन आपला आकार बदलतं, पलीकडचं दार उघडतं. म्हणून वेग वाहिनीच्या मानानं खूपच कमी, आणि एका फेरीत ठरावीकच प्रवासी. लाल रक्तपेशीतला ग्लूट-१ असा आहे. स्नायू आणि चरबीच्या पेशींतला ग्लूट-४ सुद्धा. इन्सुलिनचा निरोप आला की तो पेशीच्या आतल्या पुटिकांमधून (छोट्या पिशव्यांमधून) पटलावर आणून बसवला जातो. इन्सुलिन ग्लुकोजला ढकलत नाही, लिफ्टची संख्या वाढवतं.

पंप ही स्वतःची वीज लागणारी लिफ्ट. सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीमागे ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत नेतो. दोन्हींना चढावर. जठराच्या पेशींतला हायड्रोजन-पोटॅशियम पंप याचाच भाऊ. पेशीतला आणि जठरातला हायड्रोजन आयनांचा फरक तो दहा लाख पटींच्या घरात नेतो. रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस आणि गराडू हादडून सकाळी जी ओमेप्राझोलची गोळी शोधली जाते, ती याच पंपाला बंद पाडते.

*इशारा:* एटीपी दिसला की ‘सक्रिय’ (म्हणजे ऊर्जा खर्चून चढावर) लिहू नका. सीएफटीआर नावाची क्लोराइडची वाहिनी उघडायला एटीपी लागतो, पण उघडल्यावर क्लोराइड उतारानेच वाहतं. कुलूप उघडायला किल्ली फिरवावी लागली म्हणून दारातून कुणी उचलून नेलं असं होत नाही. या वाहिनीत बिघाड झाला की सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार होतो, त्यामुळे ती परीक्षेत फार आवडती आहे.

पायरी ५: खर्च कुणाच्या खिशातून?

इंदूरच्या माणसाला ही पायरी समजायला नळ पुरतो. आपलं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या नर्मदेतून येतं. नदी खाली, शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. नदीकाठच्या जलूदहून पाणी पंपांनी घाट चढवून वर आणतात, तिथून पुढे ते उतारानं शहराकडे येतं. आता नळ सोडल्यावर वीज खर्च होते का? नळापाशी नाही. पण जलूदचे पंप बंद पडले तर नळ किती दिवस चालेल?

जलूदचा पंप म्हणजे प्राथमिक सक्रिय वहन: एटीपी थेट त्याच प्रथिनात खर्च. आणि वरून येणाऱ्या पाण्याच्या जोरावर कुणी पाणचक्की फिरवून दळण काढलं, तर ते दुय्यम सक्रिय वहन: दळणाला विजेचं बिल नाही, पण पाणी वर चढवण्याचं बिल आधीच कुणीतरी भरलेलं आहे.

आता सुरुवातीचा प्रश्न सोडवू. आतड्यातलं ग्लुकोज रक्तात.

पहिलं पटल, पोकळीकडचं. जेवणानंतर बराच वेळ गेला आणि पोकळीत ग्लुकोज थोडंच उरलं, तरी ते आत खेचायचं आहे. म्हणजे ग्लुकोजसाठी चढ. दार: एसजीएलटी-१, जो २ सोडियम आयनांबरोबर १ ग्लुकोज घेतो. सोडियमला आत यायचा उतार आहे, त्या उताराच्या जोरावर ग्लुकोज चढतं. एसजीएलटी-१ स्वतः एटीपी वापरत नाही.

दुसरं पटल, रक्ताकडचं. आता पेशीत ग्लुकोज जास्त, रक्तात कमी. उतार. दार: ग्लूट-२. खर्च शून्य.

आणि याच रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप बसलाय. आत आलेला सोडियम तो सतत बाहेर फेकतो, म्हणून सोडियमचा उतार टिकतो. एटीपीचं बिल इथे.

तर ‘एटीपी लागतो का’ याचं उत्तर: लागतो, पण ग्लुकोजला हात लावणाऱ्या दोन्ही दारांत नाही. 

*तपासा:* ओआबेन हे विष सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतं. मग आतड्यातून ग्लुकोज घेणं चालू राहील का? काही वेळ राहील, नंतर सोडियमचा उतार सपाट होत जाईल तसं थांबेल. ‘एसजीएलटीला एटीपी लागत नाही, म्हणून काही फरक नाही’ असं उत्तर आलं असेल तर ही पायरी पुन्हा वाचा.

जुलाबात नुसतं पाणी न देता मीठ आणि साखर घालून का देतात, तेही इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलीमोल असतं. ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत जातात, त्यांच्यामागून पाणी. ‘साखर जास्त तर ताकद जास्त’ म्हणून घरात कुणी चमचे वाढवत असेल तर त्यांना थांबवा. न शोषलेली साखर आतड्यातच राहून उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. पाकीट लिटरभर पाण्याचं असेल तर लिटरभर पाण्यातच. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात टाकायचं नाही.

पायरी ६: ताळा

उत्तर लिहिलं, आता ते पडताळा. आलेख दिला असेल तर सोपं जातं.

बाहेरची गर्दी वाढवत नेली आणि वहनाचा वेग सरळ रेषेत वाढतच राहिला, तर वाहक किंवा पंप नाही. रेणू तेलातून किंवा वाहिनीतून जातोय. वेग वाढत वाढत एका उंचीला आडवा झाला, तर वाहक किंवा पंप आहे: लिफ्ट भरल्या, रांग कितीही वाढवा. वाहिन्यांनाही मर्यादा असते, पण ती इतकी उंच की नेहमीच्या आलेखात दिसत नाही.

याचं घरगुती उदाहरण मधुमेहाच्या रिपोर्टमध्ये सापडतं. मूत्रपिंडातले वाहक गाळलेलं ग्लुकोज परत उचलून घेतात. रक्तातली साखर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की लिफ्ट भरू लागतात आणि उरलेली साखर लघवीत दिसू लागते. डॅपाग्लिफ्लोझिन ही मधुमेहावरची गोळी तर मूत्रपिंडातला एसजीएलटी-२ हा वाहक मुद्दामच अडवते. तेव्हा घरात कुणी ती घेत असेल आणि रक्तातली साखर ठीक असून लघवीत निघाली, तर तो गोळीचाच परिणाम.

पंप आणि साधा वाहक यांत फरक करायचा तर एटीपी बंद करून पाहा. श्वसन रोखणारं विष घातल्यावर वहन लगेच थांबलं तर पंप, रेंगाळत थांबलं तर दुय्यम, चालूच राहिलं तर उताराचं.

पायरी ७: पाणी, आणि तेही शेवटी

पाणी आधी हाताळलं की सगळं बिघडतं, कारण पाण्याची दिशा विरघळलेल्या कणांवर ठरते आणि ते कण कुठे जाणार हे आधीच्या पायऱ्यांनंतरच कळतं.

आधी कण मोजा, ग्रॅम नव्हे. एक मोल साखर म्हणजे एक मोल कण. एक मोल मीठ म्हणजे जवळपास दोन, कारण सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात. सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. ९ भागिले ५८.५ म्हणजे ०.१५४ मोल, दुप्पट केलं की ०.३०८. लाल रक्तपेशीच्या आतलं माप जवळपास एवढंच, म्हणून पेशी सलाइनमध्ये आहे तशी राहते.

आता खरा सापळा. ०.३ मोलर युरियाच्या द्रावणातही कण तेवढेच. मग लाल रक्तपेशी त्यात सुखरूप राहील? नाही, फुगून फुटेल. तेलातून रेंगाळणारा युरिया लाल रक्तपेशीत मात्र खास दारातून सहज शिरतो, पाठोपाठ पाणी. कणांची संख्या सारखी असणं आणि द्रावण समपरासारी असणं (त्यात पेशी ना फुगते ना आक्रसते) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो कण पटल ओलांडतो तो पाण्याला बाहेर धरून ठेवत नाही. म्हणून मी म्हणते, पायरी २ न करता पायरी ७ करू नका.

एक्वापोरिनबद्दल एवढंच: ते पाण्याची दिशा ठरवत नाही, फक्त वेग वाढवतं. एका वाहिनीतून सेकंदाला अब्जावधी रेणू, एका ओळीत. आणि इतकं पाणी जाऊनही हायड्रोजन आयन मात्र नाही.

पायरी ८: बटाट्यावर करून पाहा

कागदावर सगळं जमलं तरी हात न लावता हे डोक्यात टिकत नाही. प्रयोग सोपा आहे आणि म्हणूनच लोक तो वाईट करतात. बटाट्याच्या पेशींचं पाणी कोणत्या साखरेच्या पाण्याशी बरोबरी करतं, ते शोधायचं.

*बटाटा निवडणं.* माळव्यात बटाट्याला तोटा नाही, पण कोल्ड स्टोरेजचा घेऊ नका. थंडीत साठवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होत जाते आणि तुमचा आकडा सरकतो. मी एकदा पावसाळ्यात अर्ध्या मुलांना घरच्या टोपलीतले आणि अर्ध्यांना बाजारातून आणलेले, म्हणजे कोल्ड स्टोरेजचे बटाटे दिले. दोन रेषा कुठेच जुळेनात आणि तासभर आम्ही वजनकाट्याला शिव्या घातल्या. ओळखायचं कसं? एक पातळ काप तळून बघा. पटकन काळपट तपकिरी झाला तर त्यात साखर जास्त आहे. आणि सगळ्या पट्ट्या शक्यतो एकाच मोठ्या बटाट्यातून काढा.

*काटा.* स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा उपयोगाचा नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा छोटा काटा हवा. ओळखीचा सराफ असेल तर उत्तम, नाहीतर खिशात मावणारे काटे विकत मिळतात.

*पाणी.* बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यात क्षार असतात.

*द्रावण.* एक मोलर साखर म्हणजे लिटरला ३४२ ग्रॅम. आपल्याला २५० मिली पुरे, म्हणून ८५.५ ग्रॅम साखर. आधी सुमारे १५० मिली पाण्यात ती पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून एकूण २५० मिली करा. २५० मिली पाणी मोजून त्यात साखर टाकली तर द्रावण ३०० मिलीच्या आसपास जातं आणि एक मोलरच्या जागी जेमतेम ०.८२ उरतं. ही चूक इतकी सर्रास आहे की मी मुलांना साखर टाकण्याआधी हात वर करायला लावते.

मग सहा पेले. प्रत्येकी १०० मिली, पहिल्यात नुसतं पाणी. पुढच्यांत मूळ द्रावण १०, २०, ३०, ४० आणि ६० मिली, वर पाणी घालून १००. म्हणजे ०.१, ०.२, ०.३, ०.४ आणि ०.६ मोलर. पेल्यांवर चिकटपट्टी लावून आकडे लिहा. आत्ताच लिहा, नंतर सगळे पेले सारखेच दिसतात.

साखरच का, मीठ का नाही? तेही चालेल, पण मिठाचे आयन वाहिन्यांमधून हळूहळू शिरतात आणि कण दुप्पट मोजावे लागतात. साखर तासाभरात फारशी आत जात नाही. पायरी २ पुन्हा कामाला आली.

*पट्ट्या.* साल पूर्ण काढा. सालीतून पाणी नीट जात नाही. अर्धा सेंटीमीटर जाड, अर्धा रुंद, चार सेंटीमीटर लांब. एका पेल्याला तीन, म्हणजे साधारण सव्वातीन ग्रॅम. कापल्यावर लगेच वजन करा, पंख्याखाली ठेवून देऊ नका. तिन्हींचं एकत्र वजन लिहा, मग सगळे पेले एकाच वेळेला सुरू करा आणि तासभर ठेवा.

सातवा पेला गंमतीचा: नुसत्या पाण्यात उकडलेल्या बटाट्याची पट्टी. पटलं मेलेली असल्यामुळे ती कच्च्या पट्टीसारखी कडक होत नाही. हा पेला गाळू नका. ‘बटाटा पाणी शोषतो’ आणि ‘जिवंत पटलामुळे पाणी आत जातं’ यातला फरक तोच दाखवतो.

*वजन परत.* पट्ट्या काढून टिपकागदावर दोन्ही बाजूंनी एकेकदा ठेवा. दाबू नका, पिळू नका, आणि सगळ्यांना सारखंच टिपा. एकाला हळू आणि दुसऱ्याला जोरात टिपलं तर तुम्ही बटाटा नाही, आपला हात मोजताय.

*हिशोब.* बदल भागिले सुरुवातीचं वजन, गुणिले १००. समजा ३.२० चे ३.५२ झाले, तर अधिक १० टक्के. ३.४० चे ३.२३ झाले तर उणे ५. नुसता ग्रॅममधला फरक लिहू नका. सुरुवातीची वजनं सारखी नसतात. आडव्या रेषेवर साखरेचं प्रमाण, उभ्यावर टक्के, आणि बिंदूंमधून रेषा काढून ती शून्याला कुठे छेदते ते पाहा. ताज्या बटाट्याला बहुधा ०.२५ ते ०.३५ मोलरच्या दरम्यान.

*इशारा:* या प्रयोगावरून ‘बटाट्यात एक्वापोरिन असल्याचं सिद्ध झालं’ असं वहीत लिहू नका. असतं, पण तुम्ही वेग मोजला नाही, शेवट मोजला. दार असो वा नसो, शेवट तोच येतो, फक्त उशिरा. तसंच व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेल्या अंड्याचा प्रयोग दाखवून ‘हे पेशीपटल’ म्हणू नका. ते कवचाखालचं तंतूंचं आवरण आहे, त्यात वाहिनी-वाहक काही नाही.

रेषा शून्याला दोनदा छेदली किंवा ०.१ मध्येच वजन घटलं, तर नवा सिद्धांत शोधण्याआधी चिकटपट्ट्या बघा: बहुतेक वेळा दोन पेल्यांची अदलाबदल झालेली असते. आणि वहीत तारखेशेजारी बटाटा कुठून आणला तेही लिहून ठेवा.